डावा कान

वालपराइसोत, बंदराच्या वर, चढाच्या तिसऱ्या वळणावर
एवारिस्तोचं रंगाचं दुकान.
मी तिथं लागले तेव्हा एकोणीस वर्षांची.
त्याआधी मॉलमध्ये मोबाइल विकायचे;
तोंडाचा पट्टा एवढीच माझी पात्रता.

पहिल्याच दिवशी इस्मेनियाबाई आल्या.
धाप लागलेली, हातात रिकामी पिशवी.
"हिरवा हवाय. दाराला."
मी फर्रकन रंगांचं कार्ड उघडलं:
पिस्ता, शेवाळ, बाटली, कच्चं ऑलिव्ह,
शिवाय या आठवड्यात वीस टक्के सूट,
शिवाय दोन डब्यांवर ब्रश फुकट.
बाई माझ्याकडं बघत राहिल्या,
चुकीच्या घराची बेल वाजवल्यावर
दार उघडणाऱ्याकडं बघावं तसं.

एवारिस्तोनं स्टूल पुढं सरकवलं.
मान वळवून डावा कान त्यांच्याकडं केला.
विचारलं एवढंच,
"दारावर ऊन कधी येतं?"

मग निघालं एकेक.
ऊन चारनंतर, तेही समोरच्या जिन्याला थटून.
दार पत्र्याचं. नवऱ्यानं रंगवलेलं,
गोदीत उरलेल्या रंगानं;
कुठल्या जहाजाचा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
खाऱ्या वाऱ्यानं आता खपल्या धरल्यात.
मुलगा म्हणतो, काढून टाक, ॲल्युमिनियमचं बसव.
मुलगा उत्तरेला, तांब्याच्या खाणीत.
रविवारी फोन करतो.
बोलतो कमी, सुचवतो जास्त.

इथं त्या थांबल्या.
मी तोंड उघडलं,
तर काउंटरखाली एवारिस्तोचा बूट
माझ्या बुटावर.

टेकडी चढणारा केबलचा डबा
घरघरत वर गेला,
माणसं उतरली, तो रिकामा खाली आला.
तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही.

"काळपट हवा," बाई म्हणाल्या.
"म्हणजे तेव्हा काळपट नव्हता.
आता मला तसा आठवतो."

कुठल्या कार्डावर असतो हा रंग?
एवारिस्तोनं ते वाक्य वहीत
जसंच्या तसं लिहून घेतलं.
हिरव्यात काळा, मग चिमूटभर गेरू,
काठीनं ढवळून वर्तमानपत्रावर एक बोट ओढलं.
"नाही."
पुन्हा.
"नाही. पण जवळ आलात."
तिसऱ्यांदा त्या काही म्हणाल्या नाहीत,
नुसती पर्स उघडली.

संध्याकाळी शटर ओढताना मी म्हणाले,
केवढी ही अदब, असं मान वळवून ऐकणं!
तो खो खो हसला.
"अदब कसली पोरी? उजवा कान गेलाय,
जहाजाच्या इंजिनखोलीत, बावीस वर्षांपूर्वी.
दुकान टाकलं तेव्हा प्रत्येकाला विचारायचो,
काय म्हणालात?
तेव्हा कळलं.
पहिल्यांदा माणूस सामान मागतो.
दुसऱ्यांदा विचारलं, की काम सांगतो."

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा आल्या.
एवारिस्तो डॉक्टरकडं गेलेला, दुकानात मी एकटी.
"रंग चुकला," दारातूनच म्हणाल्या.
"रात्री दिव्याखाली निळा मारतो."

हात सवयीनं कार्डाकडं गेला,
वीस टक्के सूट जिभेच्या टोकावर.
हात मागं घेतला. स्टूल सरकवलं.
माझे दोन्ही कान धडधाकट,
शब्दन् शब्द ऐकू आला होता.
तरी मान वळवली
आणि विचारलं,
"काय म्हणालात?"

त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली.