लाइफटाइम

नवी पेठेत, दुपारी साडेबाराला,
बिराजदारांच्या काउंटरवर दोन पट्ट्या आहेत.
एक हिरवी, उघडी, सोनेरी दातांची.
दुसरी पत्र्याचं काळं जाकीट घालून बसलेली,
बेचाळीस डिग्रीत.

मी घरून लिहून आणलं होतं:
डीडीआर थ्री, सोळाशे, चार जीबी.
भाजीच्याच चिठ्ठीवर,
त्यामुळे वर 'शेपू' असंही होतं.
बिराजदार म्हणाले, शेपू संपला ताई,
बाकी आहे.

हिरवीला तेराशे पन्नास. जाकीटवालीला सतराशे.
फरक काय?
"नावाचा," ते म्हणाले,
आणि जरा थांबून, आपण दुकानदार आहोत हे आठवून,
"म्हणजे, ही लई गरम होत नाही."
सोलापुरात
गरम न होणारी वस्तू
मी अजून पाहिलेली नाही.

नान्ना सोबत आले होते.
चाळीस वर्षं मागावर; अर्धा कान तिथंच राहिला.
त्यांनी हिरवी पट्टी तळहातावर तोलली
टॉवेल तोलतात तशी,
उलटी केली, काठ पाहिला,
आणि स्वतःला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं विचारलं,
"लेबल कोण शिवतं?"

बिराजदारांना कळलं नाही. मला कळलं.
साखर पेठेतल्या कारखान्यात
एकाच मागावरून उतरायच्या चादरी,
तेच सूत, तोच ताणा, तोच मोर,
आणि शेवटच्या टेबलावर येल्लूबाई
डावीकडच्या गठ्ठ्याला एक नाव शिवायची,
उजवीकडच्याला दुसरं.
डावीकडची पन्नास रुपयांनी महाग.
कुठली चादर कुठल्या गठ्ठ्यात
हे त्या दिवशी तिचा कुठला खांदा दुखतोय
त्यावर ठरायचं.

पट्टीवर लेबल होतंच.
त्याच्या शेजारी काळे चौकोन, आठ,
त्यांवर मुंगीच्या अक्षरात तिसऱ्याच कुणाचं नाव.
दुसरीवर काय लिहिलंय
ते जाकीट काढल्याशिवाय दिसत नाही,
आणि जाकीट काढलं की वॉरंटी गेली.

"दोन्हीला लाइफटाइम आहे ओ."
"कुणाचं?" नान्नांनी विचारलं.
बिराजदारांनी पंख्याकडे पाहिलं.
कंपनीचं, दुकानाचं, की आपलं?
नान्ना एकाहत्तरचे.
मी चिठ्ठीची घडी घालत बसले.

शेवटी हिरवी घेतली.
विचार करून घेतली असं सांगता येईल.
खरं तर घरातली जुनी हिरवी आहे,
वाटलं, रोज शेजारी बसायचंय,
रंग तरी जुळू दे.

संध्याकाळी डबा उघडला. आत धूळ नव्हती,
सुताचा भुगा होता, फिकट गुलाबी,
शेजारच्या मागांनी पाठवलेला.
दोन जीबीच्या दोन पट्ट्यांतली एक काढली,
खाच जुळवली, अंगठ्यानं दाबलं, टक, टक.
स्विच दाबल्यावर तीन लांब शिट्ट्या,
आणि पडदा काळाच.

फोनवर बिराजदार: "घरात खोडरबर आहे का?"
मल्लेशच्या कंपासात होता, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
सोनेरी दातांवरून हळूच फिरवला.
आठवण चालू व्हावी म्हणून खोडरबर;
मी हे नान्नांना सांगितलं नाही,
पुन्हा मोठ्यानं सांगावं लागलं असतं.

मग सुरू झालं.
गिऱ्हाइकाचा मोर, सहा रंगांचा,
पूर्वी उघडेपर्यंत चहा गार व्हायचा.
आता आधण यायच्या आत पिसारा.

"लाइट गेली तर?"
"ही पट्टी सगळं विसरते, नान्ना.
सेव्ह केलेलं राहतं, पण ते दुसरीकडे."
त्यांनी माळ्याकडे पाहिलं.
तिथं जॅकार्डची कार्डं आहेत, पुठ्ठ्याची, दोरीत ओवलेली,
भोकाभोकांत एक जुना मोर.
त्याचे पाय उंदरांनी खाल्लेत.
बाकीचा तिथंच आहे,
भारनियमनातही.

काढलेली पट्टी त्यांनी मागून घेतली.
लेबल केव्हाच गळून गेलेलं,
नुसता डिंकाचा पिवळा चौकोन.
डब्यात, धोट्याच्या शेजारी, ठेवताना
मी विचारलं, कुठल्या कंपनीची?
त्यांनी काठावरून अंगठा फिरवला.
"चांगली आहे," म्हणाले.