टिंब

तो ठिपका माझाच, हे आधी सांगून टाकतो.
मे महिना, दुपारचे दोन, शिडी बाभळीची.
कपाळ पुसायला हात वर गेला
आणि ब्रशातून एक थेंब सुटला,
नेमका 'भा'च्या डोक्यावर,
इतका गोल की मुद्दाम काढायला गेलो असतो तर जमला नसता.

भागखेडचं झालं भांगखेड.

रॉकेलचं फडकं शिडीच्या पायाशीच होतं.
उतरणार तेवढ्यात बांधकाम खात्याची जीप आली.
गुल्हाने साहेबांनी काच अर्धी खाली केली,
फोटो घेतला. "झालं ना? चल पुढच्या फाट्यावर."
"सायेब, एक टिंब पडलं."
"पडू दे रे. अंतर बरोबर लिहिलं ना, सात?"
मी मान हलवली.
(गाव पाचावर आहे. पण सात त्यांनीच दिले होते.)

मग डेपोने पाटी पाहून एसटीवर लिहिलं,
तलाठ्याने एसटी पाहून,
शाळेने तलाठ्याचं पाहून,
बँकेने शाळेचा दाखला पाहून.
शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्या पोराला
आमचे गुरुजी बाकावर उभं करत.

दिवाळीच्या आधी दोन गाड्या आल्या, उत्पादन शुल्कच्या.
खात्रीलायक माहिती होती म्हणे.
बारा माणसं पऱ्हाटीत शिरली,
बोंडं झाडून, काटे लावून घेऊन बाहेर आली.
रिकाम्या हाताने कसं जायचं,
म्हणून सारजाबाई काळबांडेंच्या अंगणातली तुळस
मुळासकट पिशवीत गेली, लाख लागली, पंचनामा झाला.
पंच म्हणून सही कोणाची? माझी.
अक्षर चांगलं आहे ना.
सारजाबाई एवढंच म्हणाल्या,
"शालिक, वृंदावन तं ठेवलं न बाप्पा त्यायनं?"

चार महिन्यांनी अहवाल आला:
सदर वनस्पती तुळस असल्याचे आढळून आले.
तथापि भांगखेड येथे सतर्कता बाळगावी.

तेव्हा मी अर्ज लिहिला, माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात.
चूक माझी, थेंब माझा, तारीख अमुक,
पुसायची परवानगी मिळावी.
दुधकोहळे बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला.
"अठरा कागदांवर टिंब हाय.
अठरा कागद खोटे, अन् तू एकटा खरा?"
"पण बाबू, तो थेंब माझ्याच ब्रशातला."
"असंन. पुरावा आण."
मी ब्रश नेऊन दाखवला.
चहा पाजला त्यांनी. भला माणूस.
जाताना म्हणाले, पाटीला हात लावू नको,
सरकारी मालमत्ता हाय.

भागा कोण होती, हे एकाही कागदावर नाही.
नाल्याकाठी एकटी राहायची, एवढंच म्हातारे सांगत.
दारात रांजण, वर पळसाच्या पानांचं झाकण.
बैलगाडीवाले म्हणत, दम धर, भागीच्या खेड्यावर पाणी पिऊ.
तिचं आडनाव नाही, फोटो नाही.
दोन अक्षरं होती,
त्यांवरही मी सांडलो.

मागच्या आठवड्यात पाटी बदलली.
आता पेंटर लागत नाही,
नागपुरात मशीन अक्षरं कापते.
टिंबही कापलेलं आलं,
कोणाला घाम न येता.
अंतर अजूनही सात.

नात वाचत होती, नाकातून, अगदी शुद्ध: भां-गखेड.
म्हटलं, आचल, भागखेड म्हण.
"आबा, पाटी पाहा न तुम्ही," म्हणाली,
आणि सायकल दामटत पुढे गेली.

संध्याकाळी एकटाच गेलो.
नखाने खरवडून पाहिलं.
मागून ट्रक आला, त्याच्या उजेडात
अख्ख्या नावाआधी ते टिंब चमकलं.
घरी येऊन रॉकेलची बाटली शोधली.
बाटली सापडली.
रॉकेल आता गावात कोणाकडेच नसतं.