वजन बरोबर होतं

बाबा वजनमापे खात्यातून रिटायर झाले.
इतवारीतल्या निम्म्या दुकानदारांना
त्यांच्या स्कूटरचा आवाज पाठ होता.
शंभर ग्रॅममागे दोन कमी,
हे ते काट्याच्या थरथरीवरून सांगत.
पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखाने खरवडत
आणि घरी आल्यावर हात धुवत, कोपरापर्यंत.

अशा माणसाने
चार हजार आठशेचा डबा
काही न विचारता घेतला.

मे महिना. पखिड्डे मॅडम कुलरसमोर बसलेल्या,
पदराने मान पुसत म्हणाल्या,
तुमच्या पोराला आजार नाहीच हो भाऊसाहेब,
कमतरता आहे.

किती गोड शब्द.
कमतरता भरून काढता येते.
आजार म्हटलं की तो चौक आठवतो,
ज्याचं नाव ऑटोवाल्याला सांगायला नको
म्हणून आई पुढच्या चौकाचं सांगायची
आणि हेमराजला घेऊन
उन्हात मागे चालत यायची.

हेमराज तेव्हा बरा होता. बरा म्हणजे
लिथियमच्या गोळ्या, ठरल्या तारखेला रक्त,
सुटलेलं पोट, थरथरता हात,
बशीत सांडणारा चहा.
त्याला डबा आवडला, खरं सांगते.
गोळी घेताना तो पेशंट असायचा.
दुधात भुकटी ढवळताना
जिमला निघालेला मुलगा.

दुसऱ्या डब्यावर डायरी फुकट.
तिसऱ्याच्या वेळी मॅडम म्हणाल्या,
आता तुम्हीच मेंबर व्हा, चार माणसं जोडा,
आणि ती केमिकलं, म्हणजे, हळूहळू...
वाक्य तिथेच सोडलं त्यांनी.
पूर्ण करायचं आमच्यावर.

आम्ही केलं.

पोळ्याच्या रात्री हेमराज
सलग चौथ्या रात्री जागा होता.
गच्चीवर आमचा कुलर, शेजाऱ्यांचे दोन,
सगळे उघडून मांडलेले,
पंप, गवत, नटबोल्ट ओळीने.
ताई, म्हणाला, एकाच मोटरवर अख्खी गल्ली चालवतो,
नागपूर थंड करतो मी, पाहाच तू.
डोळे चमकत होते.
इतका देखणा तो कधीच दिसला नव्हता,
मला पायऱ्या उतरता येईनात.

सकाळी रस्ते बंद, मारबत निघालेली.
लोक गळा फाटेस्तोवर ओरडत होते,
रोगराई घेऊन जाय गे मारबत,
त्याचे पैसे कोणी मागत नव्हतं.
हेमराजही ओरडला, आमच्या दोघींच्या मधे बसून,
सगळ्यांत मोठ्याने.
ऑटोवाल्याने विचारलं, कुठं जायचं काकू?
आई म्हणाली, पागलखाना चौक.
स्पष्ट. पुढचा नाही, मागचा नाही.

त्या रात्री बाबांनी शोकेसमधून
निरोप समारंभात मिळालेला पितळी काटा काढला.
चौथा डबा सीलबंद होता, तो फोडला,
कागदावर ओतला, तोलला.
पाचशे ग्रॅम.
काटा मधोमध, हलेना.
भुकटी काढून, पारडं पुसून
पुन्हा तोलला.
पारड्याखाली बोट फिरवून पाहिलं,
स्वतःच्याच काट्याच्या.

वजन बरोबर होतं.

मग भिंग घेऊन डब्याच्या बुडाशी गेले.
एक्स्पायरीच्या खाली, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं:
कोणत्याही रोगाच्या उपचारासाठी नाही.
लिहिलंय की, म्हणाले.
डबा खोटं नाही बोलला.

पखिड्डे मॅडमवर मला धड रागावता येत नाही.
त्यांच्या माळ्यावर म्हणे अकरा डबे आहेत,
आणि मागच्या खोलीत एक मुलगी,
जी दार उघडत नाही.

हेमराज घरी आला त्याला महिना झाला.
हात पुन्हा थरथरतो.
बशीत चहा सांडला की
आम्ही तिघं हल्ली
एकमेकांकडे न बघता निवांत होतो.

परवा त्याने विचारलं, हसतच,
बाबा, पावती घेतली होती का हो?

बाबा किती तरी वेळ
चष्मा पुसत राहिले.