खरी नक्कल

गुरुवारी टिमारूच्या ग्रंथालयात,
मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांशेजारी,
मॉरीन टेट शिक्के मारायला बसते. फुकट.

रोडेलियो पिशवी उपडी करतो:
वेल्डिंगचा दाखला, लग्नाची नोंद,
सेबूच्या गोदीचं अनुभवपत्र.
गोदी केव्हाच बुडाली. फोरमनच्या मुलीने
बापाच्या उशाशी बसून
जुन्या लेटरहेडवर सही घेतली.

मूळ पाहिलं. नक्कल खरी. ठप्प.
मूळ पाहिलं—
त्या सहीपाशी मॉरीनचं बोट थांबतं.
"हात कापत होता यांचा?"
"तेव्हा नव्हता कापत. मला शिकवताना."
ती शाईवर फुंकर घालते,
लागते त्याहून जरा जास्त वेळ.

शेवटी विजेचं बिल, दोघांच्या नावाचं.
मारिविकची कंपनीने केलीय
मेरी विक.
तो ओशाळतो.
"असू दे," मॉरीन शिक्का उचलते,
"चूकही जशीच्या तशी उतरलीय."