टोक नसलेली सुरी

घडीचा चाकू उघडलाच नाही,
त्या दिवशी, कुंभारजुव्याच्या कालव्यात.
सुकती लागलेली, मानशीच्या तोंडाशी
कुणाचं तरी जुनं नायलॉनचं जाळं
आधी वल्ह्याला, मग माझ्या मनगटाला.
नख खाचेत घालून मी ओढत होते,
सांध्यात मीठ बसलेलं,
आणि कयाक आडवी होत चाललेली, सावकाश,
झोपेत कूस बदलणाऱ्या म्हशीसारखी.
लॉयोलाने मागून येऊन दोन फास तोडले.
दातांनी!
वर म्हणाला, मगरी बघत होत्या गं.

त्याच आठवड्यात पणजीच्या एका दुकानात
काचेखाली पात्यांची रांग:
काळी, लढाईला निघाल्यासारखी,
पाठीला करवत, मुठीत होकायंत्र,
एकीच्या पोटात तर काड्यापेटी.
"मॅडम, हिने हरण सोलता येतं."
बाळा, मी वीज खात्यात बिलं तपासते,
शनिवारी खाडीत जाते, रात्री वाळूवर तंबू ठोकते.
सोलायचं झालंच तर कांदा.
त्याने गुलाबी मुठीची दाखवली.
मी चष्मा पुसत बाहेर पडले.

शुक्रवारी म्हापशाला.
चोरिसांच्या माळा, मडकी, केळ्यांचे घड ओलांडून
गुणो च्यारीचं गोणपाट पसरलेलं:
कोयते, विळे, रेंदेराच्या रुंद काती.
"कितें कापतली?" मान वर न करता.
हा प्रश्न पणजीत कुणी विचारला नव्हता.
दोरी, म्हटलं. जाळं. पोई. तंबूची आवळलेली गाठ.
लाकडं नाही, ती लॉयोला गुडघ्यावर मोडतो.
खडकावरची कालवं, कधीतरी.
आणि, जरा थांबून,
उलटी झाल्यावर, पाण्याखाली, डोळे मिटलेले असताना
अंगाभोवती जे असेल ते.

तेव्हा त्याने मान वर केली.
"म्हजें लोखण न्हय तर."
धारेला वाघ आहे, म्हणाला, पण खाऱ्या पाण्यात
दोन भरत्यांत तांबूस पडेल.
स्टीलची घे कुठूनही, आणि आण माझ्याकडे.

ती मिळाली मासळीबाजाराच्या मागे,
इसवण कापणाऱ्या बायकांची असते तसली,
वीतभर, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं,
कुठे सांधा नाही, खिळ नाही.
उघडावी लागत नाही. ती उघडीच असते.

पुढच्या शुक्रवारी गुणोने ती दगडी चाकावर धरली
आणि माझ्या डोळ्यांदेखत टोकच घालवलं.
मी ओरडले.
ठिणग्यांच्या पलीकडून तो म्हणाला,
घाबरलेल्या हाताला टोक देऊ नये,
आधी तुलाच शोधेल ते.
मग मुठीवर मेणाचा दोरा गुंडाळला,
एका बाजूला गाठ ठेवली,
अंगठ्याला अंधारात धार कुठे ते कळावं म्हणून.
म्यान केलं प्लंबरच्या पांढऱ्या पाइपचं,
निखाऱ्यावर मऊ करून चेपलेलं,
तळाला भोक, पाणी निघून जायला.
पैसे?
"धार लावपाचे तीस."

आता ती छातीशी असते, लाइफ जॅकेटवर, मूठ खाली.
रात्री खाटेवर बसून डोळे मिटते:
काढ, काप, परत ठेव. काढ, काप.
मुलीने एकदा पाहिलं,
काही बोलली नाही, दार लावून घेतलं.
ऑफिसात फोन वाजला की हात आधी छातीकडे जातो.

आजवर तिने कापलं ते असं:
पोया, मोजल्या नाहीत. एक मानकुराद, वाईट कापला.
पाणकावळ्याच्या पायातला गळाचा दोरा.
दर खेपेला गोड्या पाण्याने धुते, पुसते, खोबरेलाचं बोट फिरवते.
ज्यासाठी घेतली ते काम अजून आलेलं नाही.

परवा सुकतीला मानशीपाशी गेले.
जाळं तिथेच, चिखलात अर्धं, एका खेकड्यासकट.
तासभर कापत बसले, घाई नव्हती.
खेकडा आधी सोडला, त्याने आभार म्हणून बोटाला चिमटा घेतला.
बाकीचं गोणीत भरून काठावर आणलं
तर लॉयोला त्यात हात घालून
आपल्या दातांची खूण शोधत बसला.