पावाच्या गाडीचा भोंगा

सकाळी साडेपाचला मी पाव वाटतो,
आणि वेळ आलीच तर बंब चालवतो.
हात भाजायची सवय
दोन्हीकडे उपयोगी पडते.

आमच्या दलात अकरा जण.
पोस्टमन, शाळेच्या बसवरची लिदिया,
दोन मेंढपाळ, चर्चची घंटा वाजवणारा आबिलिउ
(शिडीची त्याला भीती, म्हणून तो खाली पाइप धरतो).
तरुण म्हणावेत असे तिघेच, बाकीचे लिस्बनला नाहीतर फ्रान्सात.
पगार नाही.
शेडच्या भिंतीत आपल्या नावाचा एक खिळा,
खिळ्याला हेल्मेट.

लोकांना वाटतं, आग विझवायची म्हणजे पाणी.
पाणी फार उशिरा येतं.
त्याआधी असते जुल्मीराची वही,
निळ्या रेघांची, तेलाचे डाग पडलेली.
तीत वाल-द-पेद्राचं एकेक दार :
*फिर्मिनु. डाव्या कानानं बहिरा, उजव्यानं हट्टी.*
*देओलिंदा. किल्ली जिरेनियमच्या कुंडीखाली. कुत्रा चावतो.*
*पिवळं घर. मालक ऑगस्टात येतात. गॅसची टाकी मागे.*
आणि तळाशी माझी भर :
ज्या कडीला पावाची पिशवी
नऊ वाजेपर्यंत भरलेलीच लटकते
तिथे आत जाऊन बघा.

शेडबाहेरच्या फळ्यावर ती रोज खडूनं लिहिते
वारा कुठला, गवत किती वाळलंय,
पालापाचोळा जाळायचा का.
नाही.
हा एक शब्द जूनपासून पुसलेला नाही.

त्या मंगळवारी वारा पूर्वेचा होता.
निलगिरीच्या पेटत्या साली
डोंगरापलीकडून उडत येऊन अंगणात पडू लागल्या.
पोस्टमन म्हणाला, हे टपाल माझं नाही.
हसायला कुणाला वेळ नव्हता.

शेडच्या भोंग्याची तार आधी गेली.
मग वीज. मग मोबाइलचा टॉवर.
आबिलिउनं घंटा बडवली,
पण वारा उलटा,
ती दरीतल्या शेळ्यांनी ऐकली.
बंब लिदियानं घेतला, डोंगराच्या धारेवर नेला.
जुल्मीरा माझ्या शेजारी येऊन बसली,
पावाच्या गाडीत, वही मांडीवर.
"तुझा भोंगा दाब," म्हणाली,
"तो सगळ्यांना ऐकू येतो.
बहिऱ्यांनासुद्धा."

दुपारी तीन वाजता, राखेच्या पिवळ्या उजेडात,
दोन लांब, एक आखूड.

दारं उघडली.
हातात कापडी पिशव्या, मुठीत नाणी,
म्हाताऱ्या बाहेर आल्या
आधी मला झापायला :
आज दोनदा? सकाळचाच अजून उरलाय!
पाव नाहीये, मी म्हणालो. बसा.

देओलिंदानं कुत्रा घेतला. तो मला चावला.
वहीत लिहिलेलंच होतं.
पिठाच्या ट्रेवर चौदा माणसं
आणि एक शिलाई मशीन,
कारण भांडत बसायला वेळ नव्हता.

फिर्मिनु कौलांवर उभा, हातात बागेचा पाइप.
उजवा कान त्यानं माझ्याकडे केला,
सगळं नीट ऐकून घेतलं,
आणि मान हलवली. नाही.
दुसऱ्या खेपेला जुल्मीरा उतरली.
काय बोलली, मला माहीत नाही.
तो खाली आला,
पाइप गुंडाळला,
नळ घट्ट पिळला, पाणी वाया जाऊ नये म्हणून,
आणि मग गाडीत बसला.

बुधवारी पाव उशिरा निघाला.
भट्टीसमोर उभं राहवत नव्हतं.
कड्या काळ्या पडल्या होत्या, पण होत्या.
फिर्मिनुकडे दारच नव्हतं.
घर म्हणावं असंही काही नव्हतं.
नळ होता,
आणि नळाला अडकवलेली एक पिशवी,
तळाशी तीन पावांचे पैसे.

जुल्मीरानं वहीतला *हट्टी* खोडला नाही.
पुढे बारीक अक्षरात लिहिलं :
झोपायला लिदियाकडे.
पाव जुन्याच पत्त्यावर.