जवारी

टोलेडोत मार्चमधला बर्फ पांढरा नसतो.
रस्त्याकडेला राखाडी ढीग, वर मिठाचे खडे,
आणि मोटार कामगारांच्या जुन्या युनियन हॉलबाहेर
हातानं लिहिलेली पाटी : आज, मिस लवोनिया टिल्मन.
तिकीट अठरा डॉलर, साठीच्या वरच्यांना बारा.
खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे पाहिलं
आणि न विचारताच बारा घेतले.
मी एकोणसाठ. वाद घातला नाही.

आत घडीच्या खुर्च्या, तळलेल्या माशांचा वास,
पहिल्या रांगेत जांभळ्या टोप्यांच्या पाच-सहा बायका,
एक म्हातारा, त्याच्या सुटाला अजून
ड्रायक्लीनरची चिठ्ठी.

पावणेनऊला ती आली. आली म्हणजे आणली गेली,
एका हाताला काठी, दुसऱ्या हाताला भाचा,
तोच पुढे बेस वाजवणार होता.
खुर्चीत बसली. बूट काढले.
पर्स पायाशी ठेवली, नजरेच्या टप्प्यात.
कुणीतरी, कधीतरी, पैसे बुडवले असणार.

पहिलं गाणं फसलं.
आवाज चढायला गेला आणि अर्ध्या जिन्यात बसला.
मी खाली पाहिलं,
घरच्या माणसाची फजिती होताना पाहतात तसं.
ती हसली. बँडला म्हणाली, थांबा रे,
एक पट्टी खाली घ्या. नाही, अजून एक.
माझ्या गुडघ्यांच्या पट्टीत.

आणि मग खालून, पार खालून,
एक सूर आला ज्याला कड होती,
नुसता सूर नव्हे, सुराभोवती त्याचीच बारीक भुणभुण.

मिरजेला आमच्या भिंतीपलीकडे दस्तगीरचाचा
तंबोऱ्याची घोडी घासत बसायचे.
घासायचे, फुंकायचे, कान लावायचे,
तारेखाली दोऱ्याचा तुकडा केसभर सरकवायचे,
आणि इतका वेळ नुसती वाजणारी तार
एका जागी अचानक बोलायला लागायची.
किती घासायचं, मी विचारलं होतं.
लई घासलं की गेली, म्हणाले. कमी घासलं की आलीच नाही.

हिची घोडी कुणी घासली?
गाण्यांच्या मधे तिनं एवढंच सांगितलं :
पहिल्या रेकॉर्डचे पैसे म्हणून कंपनीनं
एक वापरलेली ब्यूक गाडी दिली.
तिला रिव्हर्स गिअर नव्हता.
म्हणून तर मी इथवर आले, म्हणाली,
आणि जांभळ्या टोप्या इतक्या हसल्या
की ड्रमवाल्याला परत चार मोजावे लागले.

मीही मोजत होते. बारा आले.
बारा म्हणजे एकताल, मनाशी म्हटलं, आणि सम शोधत बसले.
सापडेना. माझी टाळी एकटीच पडायची,
लग्नात चुकीच्या मंगलाष्टकाला टाकलेल्या अक्षतांसारखी.
शेजारच्या बाईनं शेवटी माझे दोन्ही हात धरले.
इथे नाही, बाळ. दोनवर. आणि चारवर.
जिथे मी खाली मोजते
तिथे त्यांची टाळी.

शेवटचं गाणं संथ होतं. किल्ली परत करायला आलेल्या
कुणा माणसाचं. तिनं माइक मांडीवर ठेवला
आणि तसंच म्हटलं.
स्वयंपाकघरातला फ्रीज बंद पडला,
तेव्हा कळलं इतका वेळ तो चालू होता.

बाहेर टेबलावर सीडी. ती स्वतः सुटे पैसे मोजत होती,
ओठ हलवत, प्रत्येक नोट सरळ करून.
नाव विचारलं. किम, म्हटलं.
काचेच्या कारखान्यात सव्वीस वर्षं सगळे तेच म्हणतात.
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
सगळं सांग.
कुमुदिनी.
ती हळू म्हणाली, कु, मु, दि,
आणि नी वर थांबली, जरा जास्तच,
त्याच भुणभुणीसकट.
मग लिहायला घेतलं तर मार्कर वाळलेला.
भाचा दुसरा शोधत राहिला, मागे रांग वाढली,
मी म्हटलं, राहू दे.

गाडीत सीडी लावायची सोय नाही.
काचेवरची वाफ जाईपर्यंत बसून राहिले,
सीडी शेजारच्या सीटवर, तिला पट्टा लावून.
मग रिव्हर्स टाकला.
माझ्या गाडीला आहे.